शेतकऱ्यांच्या बाजाराला जाऊ या

पुणे शहरातल्या पेठांची नावे तुम्हांला ठाऊक असतील. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. आठवड्याचे सारे वार तिथे पेठा होऊन बसले आहेत. पेठ म्हणजे बाजाराची वस्ती. बाजार आणि वार यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. खेड्यात आजही कोणी विचारले, "बाजार कधी?" तर उत्तर येते, "गुरुवारी." तारीख कोणी सांगत नाही.

खेड्याचा आठवडे बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्याने वांगी पिकवली तोच वांगी घेऊन बसतो. घेणारा आणि पिकवणारा एकमेकांना ओळखतात. पण शहर वाढले आणि ही ओळख तुटली. आज पुण्यामुंबईत लाखो माणसे रोज भाजी खातात. ती कोणी पिकवली, त्याला किती पैसे मिळाले, हे त्यांना ठाऊक नसते.

ही तुटलेली ओळख पुन्हा जोडावी म्हणून शहरांत वस्तीवस्तीतून शेतकऱ्यांचे बाजार भरू लागले आहेत. त्या बाजारांची माहिती या पाठात आपण घेऊ. नुसती माहिती नव्हे, हिशेबही करू. कारण हिशेब कळल्याशिवाय बाजार कळत नाही.

१. भाजीचा प्रवास

शेतातली भाजी आपल्या ताटात कशी येते ते आधी पाहू.

नारायणगावच्या बाजूला टोमॅटो पुष्कळ होतो. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याने टोमॅटो तोडला, निवडला आणि क्रेटमध्ये भरला. टेम्पो आला. माल रात्रीतून पुण्याच्या गुलटेकडीला, मार्केट यार्डात गेला. तिथे तो आडत्याच्या गाळ्यावर उतरला. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा व्यापारी. पहाटे बोली झाली. मोठ्या खरेदीदाराने माल घेतला. त्याच्याकडून किरकोळ विकणाऱ्याने घेतला. त्याने तो हातगाडीवर मांडला आणि मग आपण तो अर्धा किलो घेतला.

मोजा बरे. शेतकरी, टेम्पोवाला, हमाल, तोलणारा, आडत्या, खरेदीदार, किरकोळ विक्रेता. एवढ्या हातांतून टोमॅटो गेला. प्रत्येक हाताने काही काम केले आणि त्याचा मोबदला घेतला. शिवाय वाटेत काही माल दबला, काही सडला. त्याचीही भरपाई कोणाला तरी करावीच लागते.

शेवटी शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? भारताच्या रिझर्व्ह बँकेने २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की गिऱ्हाइकाने टोमॅटोसाठी एक रुपया दिला तर शेतकऱ्याला त्यातले सुमारे ३३ पैसे मिळतात. कांद्यात सुमारे ३६ पैसे आणि बटाट्यात सुमारे ३७ पैसे. म्हणजे रुपयातला जेमतेम तिसरा हिस्सा. बी, खत, पाणी, औषध, मजुरी हे सारे त्या तिसऱ्या हिश्शातच भागवायचे.

हा सवाल काही आजचा नाही. पुण्याच्या मोठ्या मंडईची इमारत १८८६ साली उघडली. तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव दिले. जोतिराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहिला होता. राबतो तो उपाशी का राहतो, हे त्यांनी विचारले. आज आपण रुपयाचे पैसे मोजतो आहोत. प्रश्नाचे मूळ तेच आहे.

पण म्हणून मधल्या सर्वांना लुटारू ठरवू नये. आडत्या शेतकऱ्याचा शंभर क्रेट माल तासाभरात विकून देतो. अडीनडीला उचलही देतो. दारोदार हिंडून भाजी विकणारी बाई तर आपल्यासारखीच कष्टकरी असते. हे लोक आहेत म्हणून एवढ्या मोठ्या शहराला रोज भाजी मिळते. प्रश्न एवढाच, की शेतकऱ्याला विक्रीची दुसरी वाट आहे की नाही? एकच वाट असली, की भाव दुसरा कोणी ठरवतो. दोन वाटा असल्या, की माणूस थोडा तरी ताठ उभा राहतो.

२. दुसरी वाट कशी निघाली

महाराष्ट्रात शेतमालाच्या खरेदी-विक्रीसाठी १९६३ साली कायदा झाला. त्याप्रमाणे बाजार समित्या चालतात. लिलाव उघड व्हावा, माप बरोबर असावे, पैसे बुडू नयेत, हा त्या कायद्याचा हेतू. पण माल समितीच्या आवारातच विकायचा, असे बंधन त्यातून आले.

२०१६ च्या जुलै महिन्यात राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला या बंधनातून मोकळा केला. आवाराबाहेर भाजी विकायला शेतकऱ्याला मुभा मिळाली. त्याच वर्षी सरकारने शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरवण्याची मोहीम काढली. तिला संत सावता माळी यांचे नाव दिले. सावता महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे. मळ्यात राबता राबता त्यांनी विठ्ठल पाहिला. भाजीच्या बाजाराला याहून शोभणारे नाव कोणते असणार?

या कामात राज्याचे कृषी पणन मंडळ पुढे आहे. 'पणन' म्हणजे माल बाजारात नेऊन विकणे. मंडळाची कचेरी पुण्यातच आहे. शेतकऱ्यांचे गट आणि शेतकऱ्यांच्या कंपन्या माल आणतात. नगरपालिकेचे मैदान, शाळेचे पटांगण किंवा मोठ्या सोसायटीचे आवार अशी जागा ठरते. वार ठरतो, वेळ ठरते. कोथरूडसारख्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला मग मंडईपर्यंत जावे लागत नाही. मंडईच त्याच्या वस्तीत येते.

ही कल्पना इतर ठिकाणीही रुजली आहे. पंजाबात आणि चंदीगडला १९८७ सालापासून 'अपनी मंडी' भरू लागली. आंध्र प्रदेशात १९९९ च्या जानेवारीत 'रयतु बाजार' निघाले. हैदराबादेतही ते भरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूत मदुराईला पहिला 'उळवर संदै' उघडला. त्याचाही अर्थ शेतकऱ्यांचा बाजार असाच आहे. तिथे शेतकऱ्याला फोटोचे ओळखपत्र देतात आणि वजनकाटाही पुरवतात. दूर अमेरिकेत न्यू यॉर्क शहरात १९७६ साली असा बाजार सुरू झाला. तिथला नियम साधा आहे. जे पिकवाल तेच विकायचे. दुसऱ्याकडून घेतलेला माल आणून मांडायचा नाही.

३. फायदा कोणाचा? हिशेब करू

पुष्कळ लोक म्हणतात, "मधला माणूस गेला, की सगळा फायदा शेतकऱ्याचा." असे बोलायला सोपे आहे. आपण पाटी-पेन्सिल घेऊ आणि मांडून पाहू. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, किरकोळ बाजारात टोमॅटो ३० रुपये किलो आहे. रुपयातला तिसरा हिस्सा धरला, तर शेतकऱ्याला किलोमागे १० रुपये मिळतात. त्याने १०० किलो माल यार्डात दिला, तर हाती १,००० रुपये येतात.

आता तोच शेतकरी १०० किलो टोमॅटो घेऊन शहरातल्या शेतकरी बाजारात बसला. त्याने भाव लावला २४ रुपये. आपले किलोमागे ६ रुपये वाचले. सगळा माल खपला तर त्याचे २,४०० रुपये झाले.

पण त्याला खर्च आहे. टेम्पोचे भाडे ४०० रुपये. जागा, पिशव्या आणि क्रेट यांचे १०० रुपये. विकायला दोन माणसे दिवसभर अडकली, त्यांची मजुरी ३०० रुपये. एकूण खर्च ८०० रुपये. २,४०० तून ८०० गेले, राहिले १,६००. यार्डात १,००० मिळत होते, इथे १,६०० मिळाले. ६०० रुपये जास्त. त्याचेही भले झाले, आपलेही.

इथवर गोड आहे. आता पुढे चला.

समजा, त्या दिवशी पाऊस आला. गिऱ्हाईक कमी फिरकले. १०० किलोतले ६० किलोच खपले. ६० गुणिले २४ म्हणजे १,४४० रुपये. टेम्पोवाला काही अर्धे भाडे घेत नाही. खर्च तोच, ८०० रुपये. हाती उरले ६४० रुपये! यार्डात गेला असता तर १,००० मिळाले असते. उरलेला ४० किलो माल संध्याकाळी ५ रुपये किलोने देऊन टाकला, तर आणखी २०० आले. झाले ८४०. तरी तोटाच.

किती किलो खपले म्हणजे यार्डाशी बरोबरी होते? ७५ किलो. ७५ गुणिले २४ म्हणजे १,८००. त्यातून ८०० वजा केले, की १,०००. पाऊणशे किलो विकले जाईपर्यंत शेतकऱ्याला या बाजाराचा एक पैशाचाही जास्तीचा लाभ नाही. त्याचा खरा फायदा शेवटच्या २५ किलोंत आहे.

हे नीट ध्यानात घ्या. आमच्या मते या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. शेतकरी बाजार उद्घाटनाच्या दिवशी हारतुऱ्यांनी भरतो, पण तो चालतो नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. पहिल्या आठवड्याला सारी वस्ती लोटते आणि चौथ्या आठवड्याला चारच माणसे येतात, असे झाले तर पाचव्या आठवड्याला टेम्पो येत नाही. मग आपण म्हणतो, "शेतकरीच टिकले नाहीत." टिकले नाही ते गिऱ्हाईक.

"पिकतं तिथं विकत नाही" अशी म्हण आहे. म्हणून बिचारा पिकते तिथून विकते तिथे येतो. आल्यावर तरी विकले पाहिजे ना?

४. समोर बसलेला कोण?

शेतकरी बाजार असा फलक लावला, म्हणजे तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरीच असतो असे नाही. काही जण पहाटे यार्डात माल घेतात आणि सकाळी इथे मांडतात. विकणे हा गुन्हा नव्हे. पण शेतकऱ्याच्या नावावर बसणे ही फसवणूक आहे. ती खऱ्या शेतकऱ्याची जागा खाते.

मग ओळखावे कसे? तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, माल किती प्रकारचा आहे? एका शेतकऱ्याच्या शेतात एका वेळी तीन-चार भाज्या असतात. एकाच पथारीवर आले, लसूण, बटाटे, सफरचंद, ढोबळी मिरची आणि चार तऱ्हेच्या पालेभाज्या दिसल्या तर विचारावे. मात्र दहा शेतकऱ्यांचा गट मिळून एकच टेम्पो आणतो, तेव्हा माल पुष्कळ तऱ्हांचा असू शकतो. म्हणून संशय घेण्याआधी चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, हंगाम. मटार, गाजर, मुळा, मेथी, हरभऱ्याचा पाला, वालपापडी हा हिवाळ्याचा माल. कलिंगड, काकडी, कैरी उन्हाळ्याची. दोडका, पडवळ, अळू आणि टाकळा, करटुली अशा रानभाज्या पावसाळ्यातल्या. हंगामाचा माल ताजा असतो आणि स्वस्तही असतो. बिगरहंगामी माल दिसला तर तो दुरून आलेला असण्याचा संभव जास्त.

तिसरी गोष्ट, बोलणे. बोलायला पैसे पडत नाहीत.

"दादा, गाव कोणतं तुमचं?"

"खेडकडचं, ताई."

"मेथी कधी काढली?"

"काल दुपारी. संध्याकाळी जुड्या बांधल्या, पहाटे टेम्पोत घातल्या."

"यंदा पाऊस कसा झाला तिकडं?"

"झाला, पण उशिरा. पहिली पेर गेली की वाया."

ज्याने पिकवले त्याला अशा प्रश्नांची उत्तरे शोधावी लागत नाहीत. ती त्याच्या तोंडावर असतात. आणि आपल्यालाही कळते, की मेथीची जुडी यंदा लहान का आहे.

काही पथाऱ्यांवर 'सेंद्रिय' अशी पाटी असते. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत आणि रासायनिक औषध न वापरता पिकवलेले. अशा मालाला प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्र मिळालेल्या मालाच्या पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह असते. लहान शेतकऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, पण तो काय फवारतो, काय टाकतो, हे तर सांगू शकेल. 'गावरान' म्हणजे सेंद्रिय नव्हे, हेही लक्षात ठेवा. गावरान म्हणजे स्थानिक जुने वाण. त्यावरही औषध मारलेले असू शकते. पाटी कोणतीही असो, भाजी वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुऊनच चिरावी.

५. पाटी वाचा, काटा वाचा

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. बाजारात त्याचा उपयोग करा.

भावाच्या पाटीवर आकडा मोठा असतो आणि शेजारचा शब्द लहान. '२० रुपये' असे ठळक लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरात 'पाव किलो'. २० रुपये पाव म्हणजे ८० रुपये किलो. शेजारच्या पथारीवर '६० रुपये किलो' अशी पाटी असेल, तर दिसायला महाग, पण खरोखर स्वस्त कोण? साठवाला. म्हणून आकडा वाचला, की थांबू नका. पुढचा शब्दही वाचा.

आपण अजून 'पावशेर' म्हणतो. शेर केव्हाच गेला. एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम असे. आपल्या देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ साली ती सक्तीची झाली. आज 'पावशेर द्या' म्हटले, की पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम समजतात. वजनात २५० ग्रॅम आले का ते पाहावे.

हिशेबाची एक सोपी रीत सांगतो. किलोचा भाव निम्मा केला, की अर्धा किलोचा भाव. तो पुन्हा निम्मा केला, की पाव किलोचा. भेंडी ६० रुपये किलो. अर्धा किलो ३०. पाव किलो १५. पाऊण किलो हवी? ३० आणि १५ मिळून ४५. झाला हिशेब.

काटा असा पाहावा. विजेचा काटा असेल तर माल ठेवण्याआधी त्यावर शून्य दिसले पाहिजे. पाटीत किंवा टोपल्यात माल घालून तोलत असतील तर टोपल्याचे वजन वजा केले का ते विचारावे. तागडी असेल तर रिकामी असताना दोन्ही पारडी समान हवीत. लोखंडी वजनाच्या बुडाला शिसे भरलेले असते आणि त्यावर सरकारी शिक्का मारलेला असतो. सरकारच्या वैधमापन खात्याकडून वजने आणि तागडी दर दोन वर्षांनी आणि विजेचा काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. वजन म्हणून दगड वापरणे कायद्याला धरून नाही. कोणी मापात फसवले आणि ऐकले नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. हा ग्राहकांसाठी सरकारने ठेवलेला क्रमांक आहे.

घाऊक भावही वाचायला शिका. पुण्याच्या वर्तमानपत्रांत मार्केट यार्डातले भाव येतात. फळभाज्यांचे भाव दहा किलोचे असतात. पालेभाज्यांचे भाव 'शेकडा' म्हणजे शंभर जुड्यांचे असतात. वांगी दहा किलोला २०० रुपये, असे छापले असेल तर किलोला २० रुपये. मेथी शेकडा १,००० रुपये असेल तर जुडीला १० रुपये. हा भाव ठाऊक असला, की आपण अडाण्यासारखे घासाघीस करत नाही आणि डोळे मिटून पैसेही देत नाही.

शेतकरी असाल तर वाचण्याची गरज याहून मोठी आहे. यार्डात माल विकल्यावर आडत्या एक कागद देतो. त्याला पट्टी म्हणतात. किती माल उतरला, काय भावाने गेला, हमाली किती, तोलाई किती, हाती किती, हे त्यावर लिहिलेले असते. ज्याला पट्टी वाचता येत नाही, तो सांगितले तेवढ्यावर अंगठा देतो. ज्याला वाचता येते, तो एका बोटाने ओळ दाखवून विचारतो, "हे कशाचे कापले?"

६. कोथिंबिरीची जुडी

भाव करावा की न करावा? करावा. बाजार आहे, देऊळ नव्हे. पण कशाचा करावा, याला विचार हवा.

"मावशी, कोथिंबीर कशी?"

"पंधराला जुडी."

"दहाला द्या. आणि मिरच्या टाका मूठभर वर."

हे आपण रोज ऐकतो. पुष्कळदा आपणही बोलतो. दोन किलो भाजी घेतली, की कोथिंबीर-मिरची फुकट मिळायला हवी, असा जणू हक्कच झाला आहे. मोठ्या दुकानात साखरेबरोबर चहा फुकट मागतो का आपण? तिथे छापलेली किंमत मुकाट्याने देतो.

कोथिंबीर हे साधारण दीड महिन्याचे पीक. भाव चढला, की सगळे पेरतात. सगळ्यांची एकदम तयार होते. मग भाव असा पडतो, की काढायची मजुरी सुटत नाही आणि शेतकरी जुड्या रस्त्याकडेला टाकून जातो. दुसऱ्या खेपेला पावसाने शेतातच सडते. मग जुडी चाळीस-पन्नासाला जाते. टोमॅटोचे तेच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला, तेव्हा सारा देश बोलला. जेव्हा तो मातीमोल होऊन बांधावर पडतो, तेव्हा फक्त शेतकऱ्याच्या घरात बोलणे होते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो. माल शिळा असेल, किडका असेल, संध्याकाळचा उरलेला असेल, तर भाव जरूर करा. शेजारच्यापेक्षा महाग असेल तर विचारा. पण ताजा माल, वाजवी भाव, पुरते माप असेल, तर दोन रुपयांसाठी ओढाताण करू नका. आणि वाकडी काकडी, डागाचे वांगे नाकारू नका. शेतात सगळेच एका साच्यातले येत नाही. चव तीच असते.

७. चार सवयी

पहिली सवय : कापडी पिशव्या घरून न्या. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१८ पासून बंदी आहे. पालेभाजीला वेगळी पिशवी, टोमॅटोला वेगळी. नाही तर घरी जाऊन चटणी होते.

दुसरी सवय : सुटे पैसे ठेवा. मोबाइलने देत असाल तर आधी नाव वाचा. क्यूआर कोड लावल्यावर समोर नाव येते. ते त्या विक्रेत्याचे किंवा त्यांच्या गटाचे आहे का, हे विचारा. मग रक्कम वाचा. ४५ च्या जागी ४५० पडायला एक शून्य पुरते. आणि विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, की पैसे घेण्यासाठी आपला गुप्त आकडा कधीच घालावा लागत नाही. तो फक्त देणाऱ्याने घालायचा. कोणी "पैसे पाठवलेत, आकडा घाला" म्हणाला तर तो लबाड समजावा.

तिसरी सवय : घरून यादी लिहून न्या. काय हवे, किती हवे. आल्यावर त्यापुढे भाव लिहा. महिन्याने चार याद्या समोर ठेवा. कोणत्या भाजीत किती गेले ते दिसेल. हा लिहिण्याचा सरावही होईल.

चौथी सवय : नेम धरा. चार घरांनी मिळून ठरवले, की दर आठवड्याला याच बाजाराला जायचे, तर त्या शेतकऱ्याला अदमास येतो. तो पुढच्या खेपेला नेमका माल आणतो. "ताई, मागल्या टायमाला तुम्ही शेपू मागितला होता, आणलाय," असे शब्द कानी पडतात. त्याचा माल वाया जात नाही आणि आपल्याला शिळे खावे लागत नाही.

पूर्वी पेठेत वारावर बाजार भरे, तेव्हा घेणारा आणि देणारा एकमेकांना तोंडओळखीने धरून असत. आज शहर फार मोठे झाले आहे. तोंडओळख आपोआप होत नाही. ती जाऊन करावी लागते. पाटी वाचणारे डोळे, हिशेब करणारे डोके आणि दुसऱ्याच्या घामाची जाण, एवढे घेऊन बाजाराला चला. शेवटचे पंचवीस किलो आपल्यासारख्यांच्या पिशवीतूनच जायचे आहेत.

सराव

१. टोमॅटोच्या एका रुपयातले सुमारे किती पैसे शेतकऱ्याला मिळतात?

२. गवार ८० रुपये किलो आहे. पाऊण किलोचे किती रुपये होतील?

३. एका पाटीवर '१५ रुपये पाव किलो' आणि दुसरीवर '५० रुपये किलो' लिहिले आहे. स्वस्त कोणते?

४. पालक शेकडा ८०० रुपये असा भाव छापला आहे. एका जुडीला किती पडले?

५. पाठातल्या शेतकऱ्याने १०० किलोपैकी ९० किलो टोमॅटो २४ रुपयांनी विकला आणि खर्च ८०० रुपये आला. बाकीचा माल खपला नाही. हाती किती उरले? यार्डापेक्षा किती जास्त?

६. तुमच्या वस्तीजवळ शेतकऱ्यांचा बाजार कोणत्या वारी भरतो, ते विचारून वहीत लिहा. भरत नसेल, तर जागा कोठे देता येईल, याबद्दल वर्गात बोला.